एकच बाई, तीन फोटो

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला पकडलं असं व्हायला नको. दुधाच्या पिशवीवरची तारीख मी दोनदा वाचते. इथे लखनौत अलीगंजच्या बाजारात भैया भाजी तोलायला लागला की माझी नजर भाजीवर नसते, त्याच्या करंगळीवर असते. आमचे हे म्हणतात, "हिला देवळात प्रसाद दिला तरी ही तो आधी उलटा करून बघेल." म्हणू देत. ते जन्मभर बँकेत सह्या ताडून बघायचे आणि घरी आले की ज्याच्या-त्याच्यावर विश्वास ठेवायचे. दोघांपैकी एकानं तरी जागं राहायला हवं होतं.

मी इथल्या एका संशोधन संस्थेत तीस-बत्तीस वर्षं झाडं ओळखायचं काम केलं. कुणीतरी जंगलातून फांदी आणायचं, ती वाळवून जाड कागदावर चिकटवायची, भिंगाखाली धरून हे नक्की कोणतं झाड ते ठरवायचं. झाडं मला आवडतात, कारण ती बोलत नाहीत आणि त्यामुळे खोटंही बोलत नाहीत. माणसांच्या चेहऱ्यांवर मी कधी भरवसा ठेवला नाही. निवृत्त झाल्यावर साताऱ्याकडे परत जायचं असं आम्ही दरवर्षी ठरवतो आणि दरवर्षी लखनौतच राहतो.

मागच्या हिवाळ्यात एका खाजगी ट्रस्टच्या दालनातून फोन आला. इंग्रजांच्या काळातल्या लखनौच्या फोटोंचं प्रदर्शन भरवायचं होतं. कुणा साहेबाचा जुना अल्बम त्यांच्या हाती लागला होता. आयोजक गृहस्थ मोठे गोड बोलणारे, जाकीटवाले, एकाच वाक्यात तीन भाषा वापरणारे. म्हणाले, "बागबगीचों के बहुत फोटो हैं मॅडम. कौन सा पेड़ है, बस इतना बता दीजिए." चाळीस-बेचाळीस फोटोंच्या प्रती त्यांनी पाकिटात घालून दिल्या. मी त्या घरी आणल्या, जेवणाचं टेबल रिकामं केलं आणि भिंग घेऊन बसले.

पहिल्या तासातच माझं डोकं फिरलं. एका फोटोत साहेब, मडम, दोन मुलं, एक कुत्रा आणि मागे ओळीनं उभे असलेले सात नोकर. खाली साहेबाच्या हातची इंग्रजी ओळ. साहेबाचं नाव, मडमचं नाव, मुलांची नावं, आणि कुत्र्याचंही नाव! नोकरांबद्दल फक्त, 'आणि इतर'. मी ह्यांना हाक मारली. म्हटलं, "अहो, इकडे या. हे बघा, कुत्र्याला नाव आहे आणि ह्या सात जणांना नाही." हे चष्मा लावून वाकले आणि म्हणाले, "कुत्रं छान आहे गं." मी पुढचा फोटो ओढला.

पण मला खरा संशय आला तो वेगळ्याच ठिकाणी. तीन फोटो होते, प्रत्येकात एकटी बाई. पहिल्याखाली लिहिलं होतं, 'नवाबी घराण्यातली बेगम'. भारी ओढणी, हातात हुक्क्याची नळी. दुसऱ्याखाली, 'लखनौची बाजारू नाचणारी'. घेरदार झगा, पायात घुंगरू, एक हात कमरेवर. तिसऱ्याखाली, 'कशिदा काढणारी नेटिव्ह स्त्री'. साधा कुर्ता, मांडीवर कापड, हातात सुई. अल्बममध्ये हे तीन फोटो वेगवेगळ्या पानांवर होते आणि सलग बघत गेलं तर कुणालाही तीन निरनिराळ्या बायकाच वाटल्या असत्या. मलाही तसंच वाटलं. मी बायकांकडे बघतच नव्हते, मला झाडांचं काम दिलं होतं.

बेगमेच्या डाव्या हाताला कुंडीत सायकसचं झाड होतं. ताडासारखं दिसतं, कडक पानांचं, बंगल्यांच्या पायऱ्यांवर ठेवतात ते. त्याचं एक पान मधोमध मोडून लोंबत होतं. मी टिपून ठेवलं. नंतर नाचणारीच्या फोटोतही सायकस. तिथंही एक पान मोडलेलं, त्याच जागी, त्याच कोनात. मी कशिदावाली शोधून काढली. कुंडी अर्धी कापली गेली होती, पण लोंबणारं पान दिसत होतं. मोडकं पान कुठलाही माळी फार दिवस ठेवत नाही, कापून टाकतो. म्हणजे तिन्ही फोटो एकाच अंगणात, एक-दोन दिवसांत काढलेले. नवाबाची हवेली नाही, बाजार नाही, कारागिराचं घर नाही. सगळं साहेबाच्या बंगल्याच्या पायरीवर.

मग मी बाईकडे बघितलं. चेहऱ्यावर माझा भरवसा नाही म्हणून कान बघितला. डाव्या कानाची पाळी खालून चिरलेली, तिन्ही फोटोंत. मग पायांकडे बघितलं. नाचणारीच्या झग्याच्या मागे जमिनीवर एका लोखंडी बैठकीचा पाय दिसत होता. फोटो काढताना माणूस हलू नये म्हणून मागून मानेला आधार लावत, त्याचा तो पाय. एकच बाई. तिला धरून आणलं, मानेला लोखंड लावलं, एकदा बेगम केलं, एकदा बाजारू केलं, एकदा कारागीर केलं, आणि साहेब विलायतेत जाऊन मित्रांना सांगत बसला की हा बघा माझा हिंदुस्थान. मला त्याचा इतका राग आला की तो अल्बमवाला जिवंत असता तर मी त्याच्या घरी गेले असते.

आयोजकांना फोन केला. ते खूष झाले. "वाह मॅडम! ये तो कमाल हो गया. तिन्ही फोटो एकत्र लावू, तुम्हीच टीप लिहा." इतकी पटकन खुशी मला कधीच आवडत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय, असं वाटलंच. पण टीप मी लिहिणार होते, म्हणून गप्प बसले.

त्याच आठवड्यात आपा आल्या. आपा जुन्या शहरातल्या चौकाच्या मागच्या गल्लीत राहतात आणि चिकनचं, म्हणजे लखनवी भरतकामाचं, काम करतात. वय सत्तरीला आलेलं. वीस वर्षांपूर्वी एका दुकानदारानं मला मशीनचं काम हातचं म्हणून विकलं, मी कुर्ता उलटा करून त्याच्याशी भांडत होते, तेव्हा कोपऱ्यात काम द्यायला आलेल्या आपा हसून म्हणाल्या होत्या, "आपको तो हमारी गली में पैदा होना था." तेव्हापासून माझे कुर्ते, साड्या सगळं त्यांच्याकडे. त्या मला डॉक्टर साहिबा म्हणतात. पहिल्या भेटीत त्यांनी मला गुडघ्यावर औषध विचारलं होतं. मी पानांची डॉक्टर आहे म्हटल्यावर म्हणाल्या, "तो कोई पत्ता ही बता दीजिए."

टेबलावर फोटो पसरलेले होते. मी चहा करायला आत गेले. बाहेर आले तर आपा कशिदावालीचा फोटो दोन्ही हातांत धरून उभ्या. ई-रिक्षातून उतरून जिना चढून आलेली बाई, पण बसायचं विसरून गेल्या होत्या.

"ये तो हमारी परनानी हैं," त्या म्हणाल्या.

परनानी म्हणजे आईची आजी. मी चहाचा कप खाली ठेवला. म्हटलं, "आपा, तुम्ही परनानीला कुठे बघितलंय?"

नव्हतंच बघितलं. पण त्यांच्या नानीनं सांगितलेली हकीकत होती. परनानीला एकदा एका साहेबाच्या बंगल्यावर बोलावून नेलं होतं. काम बघायचं म्हणून. दोन दिवस ठेवून घेतलं. परत आली तेव्हा घरात कुणी तिच्या हातचं जेवेना, परक्या माणसानं तोंड छापून घेतलं म्हणून. ती त्यावर शेवटपर्यंत एक शब्द बोलली नाही. आणि तिचा डावा कान फाटलेला होता, कारण नानीनंच तान्ही असताना बाळी ओढली होती. नानी ते सांगताना दर वेळी रडायची.

आता माझ्या मनात काय आलं ते सांगते, कारण सगळा घोटाळा त्यातूनच झाला. मला वाटलं, आपांनी आधी फोटो हातात घेतला, मग कानाचं सांगितलं. भिंग शेजारीच पडलेलं. फोटो न बघता आधी कान सांगितला असता तर गोष्ट वेगळी होती. हा क्रम मला खुपला. वीस वर्षांची ओळख, माझ्या मुलीच्या लग्नाचा दुपट्टा ज्या बाईनं चार महिने बसून काढला, तिच्या बोलण्यात मी क्रम शोधत होते. पण मला तसंच सुचतं. काय करू?

मी म्हटलं, "पण आपा, ही कारागीर नसेलच. ह्या साहेबानं तिला नुसतं बसवलंय. बघा ना, कापड कसं धरलंय, तुम्ही असं धरत नाही."

आपा हसल्या. म्हणाल्या, "बखिया उलटी तरफ़ से होता है, आपको तो मालूम है." बखियाचे टाके कापडाच्या मागच्या बाजूनं घालतात, पुढे नुसती सावली दिसते. "साहब को फूल देखना होगा. बोला होगा, सीधा करो. सीधा करके कोई कैसे काढ़ेगा?" मग त्यांनी बेगमेचा फोटो ओढून घेतला, जिच्या हातात कापडाचा पत्ता नव्हता. "इसकी उँगली देखिए."

मी भिंग लावलं. उजव्या हातात हुक्क्याची नळी. डावा हात मांडीवर मोकळा सोडलेला. पण त्याची पहिली दोन बोटं सैल नव्हती. तर्जनी ताठ वर आणि अंगठा तिच्या बाजूला दाबलेला, तिच्यावर कापड ताणून धरलंय असं. आपांनी आपला डावा हात टेबलावर ठेवला. हुबेहूब तसाच. "हमको नींद में भी ऐसे ही रहता है," त्या म्हणाल्या. "आदत है."

मी बत्तीस वर्षं भिंग वापरलं आणि ते बोट मला दिसलं नव्हतं. मी कुंडी बघत होते.

मग त्यांनी प्रत्येक फोटोखाली काय लिहिलंय ते विचारलं. आपा उर्दू वाचतात, हिंदी-इंग्रजी नाही. बेगम सांगितली, कशिदावाली सांगितली. नाचणारीच्या ओळीतला तो एक शब्द गाळायचा प्रयत्न केला, पण मला धड खोटं बोलता येत नाही. त्यांनी विचारलं, मी सांगितला. आपांचा चेहरा उतरला. मग म्हणाल्या, "डॉक्टर साहिबा, दो काम कर दीजिए. ये लफ़्ज़ हटवा दीजिए. और नीचे उनका नाम लिखवा दीजिए. हमारे घर में किसी औरत की तस्वीर नहीं है. न अम्मी की, न नानी की. एक यही है." आणि त्यांनी परनानीचं नाव सांगितलं. इथे ते देत नाही, कारण मी त्यांना विचारलेलं नाही.

मी म्हटलं, "लिखूँगी, आपा." असं शब्दशः म्हटलं. तेवढं मला चांगलं आठवतं.

दुसऱ्या दिवशी आयोजकांना ही हकीकत कळवली आणि तिथेच चुकले. गृहस्थ खुर्चीतून उठलेच. "वंशज मिळाली? यार, मॅडम, ये तो हेडलाइन है!" त्यांनी लगेच सगळं ठरवूनही टाकलं. उद्घाटनाला आपांना त्या फोटोच्या खाली बसवायचं, पांढरी चादर अंथरून, हातात सुई-कापड देऊन. पत्रकार येतील, फोटो काढतील. वर परनानी, खाली परनवासी, म्हणजे पणती. "थोडा ट्रॅडिशनल पहनके आएँ," असंही म्हणाले.

माझा संताप झाला. शंभर-सव्वाशे वर्षांनी तोच साहेब जाकीट घालून आलाय असं वाटलं. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, असलं काही होणार नाही, ती बाई प्रदर्शनातली वस्तू नाही. त्यांनी हात जोडले, "जैसा आप कहें." पण दालनातून बाहेर पडताना त्यांचं फोनवरचं बोलणं मी ऐकलं आणि त्यात 'वंशज' हा शब्द होता. घरी येताना ठरवलं, ह्या माणसाच्या हाती आपांना द्यायचं नाही.

टीप लिहायला बसले. पहिला भाग झरझर लिहिला. तिन्ही फोटोंत एकच स्त्री आहे, झाडावरून, कानावरून, बोटावरून ते कळतं, वेष आणि जागा बनावट आहेत, फोटोखालच्या साहेबाच्या ओळींवर विश्वास ठेवता येत नाही, आणि ही स्त्री बहुधा चिकनची कारागीर होती. तो घाणेरडा शब्द मी आयोजकांकडून भांडून काढून घेतला. एवढं झालं आणि नावापाशी माझा हात थांबला.

आमच्या कामात एक नियम आहे. झाडाची खात्री पटली नाही तर नाव लिहायचं नाही. जागा कोरी ठेवायची. चुकीचं नाव लिहिलं की पुढची माणसं डोळे झाकून तेच लिहीत जातात आणि ती चूक पन्नास वर्षं निघत नाही. मी नवीन पोरांना ह्यावरून बोल बोल बोललेली आहे. आता माझ्यापुढे काय होतं? एका म्हाताऱ्या बाईची आठवण, तीही आजीकडून ऐकलेली. कान, तोही फोटो बघितल्यावर सांगितलेला. लखनौत कान फाटलेल्या कारागीर बायका काय एकच होती? शिवाय नाव लिहिलं की आयोजकांना वंशज मिळाली, आणि वंशज मिळाली की चादर अंथरली जाणार. नाव नसलं की आपा सुरक्षित. असं मी स्वतःला समजावलं. ह्यांना वाचून दाखवलं तर ते म्हणाले, "तू त्यांना लिहिते म्हणालीस ना? मग एकदा विचार तरी." मी म्हटलं, "तुम्हाला कळत नाही." आणि लिहिलं, 'ह्या स्त्रीची ओळख अज्ञात आहे.' हिंदीत आणि इंग्रजीत. आपांना फोन केला नाही. करायला हवा होता हे मला तेव्हाही माहीत होतं, उगाच आज शहाणपण सांगत नाही.

प्रदर्शन सुरू झालं. उद्घाटन मी आपांपासून मुद्दाम लपवलं आणि चार दिवसांनी, गर्दी नसेल अशा दुपारी त्यांना बोलावलं. आयोजक त्या दिवशी बाहेरगावी होते, तेही मी विचारून घेतलं होतं. आपा एकट्याच आल्या. स्वतःच्या हातचा पांढरा कुर्ता, नवा दुपट्टा, डोळ्यांत सुरमा. ईदला आल्यासारख्या नटून आल्या होत्या. मला बघून गळ्यात पडल्या.

तिन्ही फोटो एका भिंतीवर मोठे करून लावले होते. आपा समोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात कपाळाला नेऊन सलाम केला, घरातल्या मोठ्या माणसाला करतात तसा. मग नाचणारीच्या फोटोपाशी गेल्या. "वो लफ़्ज़?"

"काढलं, आपा. सगळं काढलं."

"अल्लाह आपको खुश रखे." मग त्या खालच्या पाटीपाशी वाकल्या आणि अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "पढ़िए."

मी वाचलं. झाड, कान, बोट. बोटाचं ऐकून त्या खुलल्या. शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंना त्यांनी आपलं बोट उंच करून दाखवलंसुद्धा. मी शेवटच्या ओळीपाशी आले. गाळता आली असती. कोण बघतंय, आपांना हिंदी वाचता येत नव्हतं. पण वाचली. "इस महिला की पहचान अज्ञात है."

आपांना आधी वाटलं पुढे अजून काही आहे. त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "और नाम?"

"नाम नहीं लिखा."

"जगह नहीं थी?"

लखनौची माणसं अशी असतात. समोरच्याला बाहेर पडायला दार ठेवतात. मला त्या दारातून जायचा मोह झाला. म्हटलं, "सबूत नहीं था, आपा."

त्यांनी मान हलवली. मग पाटीच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती, तिच्यावर बोट ठेवलं. "और ये क्या लिखा है?"

ट्रस्टनं ते छापलं होतं. टीप लिहिणाऱ्याचं नाव. मी म्हटलं, "माझं नाव."

आपा माझ्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही. त्या कधीच चढवत नाहीत. "शक तो आपको साहब पर था, डॉक्टर साहिबा. नाम आपने हमारी परनानी का काटा."

मी काय सांगणार होते? नियम सांगू? आयोजकांचं सांगू, चादरीचं सांगू? तुम्हाला वाचवत होते असं सांगू? ते सगळं मनात तयार होतं. मला माझी इतकी शरम वाटली की पर्समधून पेन काढलं आणि त्या पाटीवरचं माझं नाव खोडून टाकलं. पार गिरगटलं.

आपा बघत होत्या. म्हणाल्या, "ये तो आपने अपना काटा. उनका तो अब भी नहीं है."

माझे डोळे भरून आले, पण त्यांना माझ्या रडण्याशी काही देणंघेणं नव्हतं. त्या म्हणाल्या, "आप मत कहिए कि ये हमारी परनानी हैं. आपको नहीं मालूम, मत कहिए. लिखिए कि मैं कहती हूँ. मेरा नाम लिखिए, मेरी गली लिखिए. मैंने कहा है, इसमें तो शक नहीं है न?"

नव्हता. त्यात शंका घ्यायला जागाच नव्हती आणि एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती. मी पाटीच्या कडेला, छापील ओळींच्या खाली, जमेल तितक्या चांगल्या अक्षरात लिहिलं. की ह्या स्त्रीचं नाव अमुक, असं तिची परनवासी अमुक, चौकात राहणारी, चिकनची कारागीर, सांगते. आपा एकेक शब्द सांगत होत्या आणि मी लिहीत होते. दालनातला रखवालदार 'मॅडम, मॅडम' करत आला, पण आपांचा चेहरा बघून जागीच थांबला.

लिहून झालं. मी म्हटलं, "वाचून दाखवू?"

आपा म्हणाल्या, "आप रहने दीजिए." आणि मघाशी बोट दाखवलं होतं त्या अनोळखी बाईंना त्यांनी जवळ बोलावलं. "बहन, ज़रा पढ़ दीजिए, यहाँ क्या लिखा है."

त्या बाईंनी सावकाश वाचलं. आपांनी पूर्ण ऐकलं, आणि परत एकदा वाचायला सांगितलं.